परदेशातील इंटर्नशिप : निघण्यापूर्वी वाचावयाचे तीन कागद

भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि पितळी भांड्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील तरुण शिक्षणासाठी नागपूरला जातात, ही गोष्ट जुनीच आहे. आता त्यापुढची वाटही खुली झाली आहे. तुमसर, साकोली किंवा पवनीच्या घरातील मुलगा हॉटेल व्यवस्थापन शिकतो, मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम करते, आणि एके दिवशी महाविद्यालयातून अथवा एखाद्या सल्लागाराच्या कार्यालयातून परदेशी इंटर्नशिपचे पत्र घरी येते. घरात आनंद होतो. विमानाचे तिकीट, नवी बॅग, लोकरीचे कपडे यांची तयारी सुरू होते. मात्र ज्या कागदांवर त्या मुलाची सुरक्षितता अवलंबून असते, ते कागद बहुधा कोणी पूर्ण वाचत नाही.

इंटर्नशिप म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी केलेली उमेदवारी. विद्यार्थी तेथे शिकतोही आणि कामही करतो. या दुहेरी स्वरूपामुळेच त्याच्या संरक्षणाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो. तो समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कायद्याचे कवच कोणाला?

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीयांच्या संरक्षणासाठी १९८३ साली उत्प्रवासन कायदा करण्यात आला. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे, त्यांच्या पारपत्राला सर्वसाधारणपणे 'ईसीआर' हा प्रकार लागू होतो. अशी व्यक्ती आखाती देश, मलेशिया, थायलंड इत्यादी ठरावीक देशांत कामासाठी निघाली, तर तिला आधी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीपूर्वी तिचा करार तपासला जातो आणि २००३ साली सुरू झालेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेत तिला विमा उतरवावा लागतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास या योजनेत १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. २०१७ च्या सुधारणेनुसार त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये ठरविण्यात आला.

दहावी उत्तीर्ण झालेल्याला मात्र ही मंजुरी सहसा लागत नाही. पारपत्र काढताना ही सवलत वाटते आणि ती आहेही. परंतु मंजुरी लागत नाही, याचा अर्थ करार कोणी तपासत नाही आणि विम्याची सक्तीही कोणी करीत नाही. परिचारिका हा अपवाद आहे. २०१५ पासून वर उल्लेखिलेल्या ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या परिचारिकांना दहावीनंतरचे शिक्षण असूनही मंजुरी बंधनकारक करण्यात आली. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांना मात्र हा कायदा मुळातच डोळ्यांसमोर ठेवत नाही.

थोडक्यात, गवंडीकामासाठी आखातात जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुरासाठी सरकारने जी तपासणी सक्तीची केली, ती पदवीच्या विद्यार्थ्यासाठी कोणीच करीत नाही. ती जबाबदारी त्याचे महाविद्यालय, त्याचे पालक आणि तो स्वतः यांच्यावर येते. त्यासाठी तीन कागद वाचणे आवश्यक आहे : व्हिसा, करारपत्र आणि विमापत्र.

पहिला कागद : व्हिसा

व्हिसावर लिहिलेला उद्देश आणि विद्यार्थी तेथे प्रत्यक्षात करणार असलेले काम ही दोन्ही जुळली पाहिजेत. 'आता पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून देऊ' असे कोणी सांगितले, तर तेथेच थांबावे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशाच फसवणुकीविषयी जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये संगणक क्षेत्रातील चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून शिकलेल्या तरुणांना बेकायदा सीमेपार म्यानमारमध्ये नेण्यात आले आणि तेथे त्यांना डांबून त्यांच्याकडून काम करून घेण्यात आले.

शिक्षणसंस्थेची खातरजमाही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेत २०१९ च्या जानेवारीत फार्मिंग्टन विद्यापीठ प्रकरणात १२९ भारतीय विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारनेच तपासासाठी उभारलेले बनावट विद्यापीठ होते. तेथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याची परवानगी मिळते, एवढ्यावर अनेकांनी तेथे नाव नोंदविले होते. प्रवेश देणारी संस्था खरोखर शिकविते काय, हा साधा प्रश्न आधी विचारला असता तर पुढचा अनर्थ टळला असता.

दुसरा कागद : करारपत्र

चांगल्या इंटर्नशिपच्या करारात काय असावे, हे अमेरिकेच्या जे-१ व्हिसाच्या नियमांवरून कळते. हॉटेल व्यवस्थापनाचे अनेक विद्यार्थी या व्हिसावर जातात. त्यासाठी डीएस-७००२ नावाचा प्रशिक्षण आराखडा भरावा लागतो. त्यावर विद्यार्थी, प्रायोजक संस्था आणि काम देणारी आस्थापना या तिघांच्या सह्या असतात. विद्यार्थी कोणत्या विभागात, किती काळ, कोणाच्या देखरेखीखाली काय शिकणार, हे त्यात नमूद असते. अकुशल मजुरीच्या कामावर इंटर्नला लावता येत नाही. हॉटेल व पर्यटन क्षेत्रातील इंटर्नशिप सहा महिने किंवा अधिक असेल, तर किमान तीन विभागांत काम शिकविणे बंधनकारक आहे. वर्षभर केवळ भांडी घासून किंवा चादरी बदलून घेणे हे नियमात बसत नाही.

जपानचे उदाहरणही लक्षात घेण्यासारखे आहे. १९९३ साली सुरू झालेल्या तेथील तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेत भारत १७ ऑक्टोबर २०१७ रोजीच्या कराराने सहभागी झाला. आयटीआय झालेल्या मुलांना ही योजना आकर्षक वाटते. या योजनेत प्रशिक्षणार्थीला जपानचे कामगार कायदे लागू होतात, आणि त्याचे पारपत्र काढून ठेवणे किंवा काम सोडल्यास दंड भरण्याचा करार लिहून घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. तरीही प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजुरी करून घेतली जाते, अशी टीका तेथे वर्षानुवर्षे झाली. अखेर जपानच्या संसदेने २०२४ साली ही योजना बदलण्याचा कायदा संमत केला आणि नवी पद्धत लागू करण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरविले. नियम चांगले असले, तरी ते प्रशिक्षणार्थीला माहीत असतील तरच त्याच्या उपयोगी पडतात, हा यातील धडा आहे.

करारपत्रात पुढील गोष्टी शोधाव्यात : आस्थापनेचे पूर्ण नाव व पत्ता, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, विद्यावेतन व त्यातून होणारी कपात, निवासाची सोय, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव, आणि मध्येच परतावे लागल्यास तिकिटाचा खर्च कोणी करावयाचा याचा स्पष्ट उल्लेख. पारपत्र मालकाकडे ठेवण्याची अट असल्यास त्या करारावर सही करू नये.

मध्यस्थाविषयी एक भेद लक्षात ठेवावा. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. तो 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्याने घ्यावयाच्या सेवाशुल्कालाही नियमांनी मर्यादा घातलेली आहे. शैक्षणिक सल्लागाराला असा परवाना काढावा लागत नाही. त्यामुळे 'आम्ही नोंदणीकृत आहोत' असे कोणी म्हटले, तर नोंदणी कशाची, दुकानाची की परदेशी भरतीची, हे विचारावे.

तिसरा कागद : विमापत्र

विमा काढला आहे, एवढे ऐकून पालक निश्चिंत होतात. तो कशासाठी काढला आहे, हे पाहिले जात नाही. पर्यटकासाठी असलेला प्रवास विमा सहलीतील आजारपणासाठी असतो. अशा अनेक विमापत्रांत कामावर, विशेषतः अंगमेहनतीच्या कामात झालेली दुखापत वगळलेली असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम शिकणाऱ्या मुलाचा हात उकळत्या तेलाने भाजला आणि रुग्णालयाचे देयक १८ हजार डॉलर झाले. विम्यात कामावरील अपघात समाविष्ट असेल आणि स्वतः भरावयाची रक्कम ५०० डॉलर असेल, तर घराला तेवढीच झळ बसेल. तो अपघात वगळलेला असेल, तर सर्व १८ हजार डॉलर घरावर पडतील. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तरी ही रक्कम १५ लाख ३० हजार रुपये होते. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये होती. त्या हिशेबाने हे सुमारे ६४५ क्विंटल धान झाले. लहान शेतकऱ्याच्या कित्येक वर्षांच्या पिकाचा हा प्रश्न आहे.

म्हणून विमा किती रकमेचा असावा, याची काही अधिकृत मापे माहीत असणे बरे. जे-१ व्हिसासाठी प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचे उपचार संरक्षण, उपचारासाठी मायदेशी आणण्याकरिता ५० हजार डॉलर, मृतदेह परत आणण्याकरिता २५ हजार डॉलर, आणि स्वतः भरावयाची रक्कम ५०० डॉलरपेक्षा अधिक नसावी, असा नियम आहे. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. जपानमध्ये कामावरील अपघाताच्या विम्याचा संपूर्ण हप्ता मालक भरतो. आरोग्य विम्याचा लाभ घेताना मात्र रुग्णाला साधारणपणे खर्चाचा ३० टक्के भाग स्वतः द्यावा लागतो.

मृतदेह परत आणण्याच्या खर्चाचा उल्लेख पालकांना अशुभ वाटतो. परंतु ज्या घरावर तसा प्रसंग येतो, त्या घराला दुःखाच्या भरात पैशांसाठी दारोदार फिरावे लागू नये, यासाठीच हे कलम असते. ते टाळून पुढे जाऊ नये.

आजार लपवू नये

विदर्भाच्या पूर्व भागातील कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर व नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केवळ वाहक असलेल्या व्यक्तीला सहसा त्रास होत नाही. परंतु ज्याला हा आजार आहे, त्याला कडाक्याची थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. परदेशातील हिवाळा आणि हॉटेलातील दहा-बारा तासांची उभी पाळी यांत ही तिन्ही कारणे एकत्र येतात.

व्हिसा नाकारला जाईल किंवा हप्ता वाढेल, या भीतीने काही जण विम्याच्या अर्जात आजार लिहीत नाहीत. पुढे त्याच आजाराने रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर माहिती लपविली या कारणाने दावा फेटाळला जातो. म्हणून निघण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी, अर्जात सत्य लिहावे आणि पूर्वीचा आजार समाविष्ट करणारा विमा निवडावा. दमा, मधुमेह, अपस्मार यांनाही हेच लागू आहे. औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावानिशी, इंग्रजीत लिहून घ्यावी.

विमा जेथे संपतो

काही प्रसंगी विमा उपयोगी पडत नाही. युद्धामुळे झालेले नुकसान बहुतेक विमापत्रांत वगळलेले असते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी तेथे होते. सुमारे २२,५०० भारतीय सुखरूप परतले, ते 'ऑपरेशन गंगा' आणि दूतावासांच्या प्रयत्नांमुळे. युद्धापूर्वी, जानेवारीतच कीव्ह येथील भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना आपली नावे नोंदविण्यास सांगितले होते. कोण कोठे आहे, हे ठाऊक असेल तरच मदत पोहोचते. त्यामुळे परदेशी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दूतावासाकडे नोंदणी करावी. तक्रारींसाठी २०१५ पासून 'मदद' हे सरकारी संकेतस्थळ आहे. तेथे घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी दूतावासांकडे २००९ साली स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधीही असतो.

आपण काय करू शकतो?

महाविद्यालयाने विद्यार्थ्याला पाठविण्यापूर्वी आस्थापनेशी स्वतः पत्रव्यवहार करावा आणि परदेशात असताना विद्यार्थ्याशी ठरावीक दिवशी संपर्क साधणारा एक शिक्षक नेमावा. पालकांनी तिन्ही कागदांच्या प्रती, पारपत्राची प्रत आणि विमा कंपनीचा तातडीचा दूरध्वनी क्रमांक घरी ठेवावा. दर आठवड्याच्या बोलण्यात 'जेवलास का?' याबरोबरच 'पारपत्र तुझ्याजवळच आहे ना?' हेही विचारावे.

इंग्रजीतील बारीक अक्षरांची विमापत्रे सर्वच पालकांना वाचता येतात असे नाही. त्यात कमीपणा नाही. प्रत्येक धर्मग्रामात एखादा निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, विमा प्रतिनिधी किंवा परदेशी राहून आलेली परिचारिका असतेच. रविवारी मिस्सा संपल्यावर अशा व्यक्तींनी तासभर बसून एखाद्या मुलाचे कागद त्याच्या आई-वडिलांसमोर मराठीत वाचून दाखविले, तर ती मोठी सेवा ठरेल. शंका आली तर सही पुढे ढकलता येते. विमानात बसल्यावर ते शक्य नसते.

आपल्या मुलांनी जग पाहावे, नवे कौशल्य शिकावे आणि सुखरूप घरी यावे, ही प्रत्येक घराची इच्छा असते. त्यासाठी नवी बॅग भरण्याआधी एक संध्याकाळ या तीन कागदांसाठी राखून ठेवावी.