विश्लेषण : संध्याकाळच्या बाजारातील स्वस्त, पिकलेल्या फळांचा केक घरी कसा जमतो?

एप्रिल-मे महिन्यांत भाईंदर आणि मीरा रोड स्थानकांबाहेर रात्री आठनंतर फळविक्रेत्यांचा सूर बदलतो. सकाळी डझनाच्या भावाने मोजली गेलेली केळी वाट्यावर येतात. डागी आंबे, नरम चिकू, शेवटची जांभळे मिळेल त्या भावात दिली जातात. दुसऱ्या दिवशीच्या उन्हात हा माल टिकणार नसतो. दुसरीकडे, शाळेच्या सुट्टीत घरोघरी केक करण्याचा उत्साह असतो आणि त्यासाठी महागडे साहित्य आणले जाते. हे दोन्ही एकत्र आणता येते. मात्र स्वस्त फळ आणि जुनी पाककृती एवढ्यावर केक जमत नाही. फळातील पाणी, आंबटपणा आणि किनारपट्टीवरचा उकाडा यांचा हिशेब करावा लागतो.

अति पिकलेले फळ केकसाठी चांगले का?

केळ्याचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के स्टार्च असतो. केळे पिकत जाते तसे त्याचे साखरेत रूपांतर होते आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो. म्हणजे सालीवर काळे ठिपके पडलेले, खायला नको वाटणारे केळे प्रत्यक्षात सर्वांत गोड असते. ते सहज कुस्करता येते, पिठात एकजीव होते आणि साखर कमी लागते. वसई पट्ट्यातून येणारी केळी भाईंदरला नवीन नाहीत. तिथल्या राजेळी केळ्यांपासून सुकेळी करण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. पिकलेले फळ टाकायचे नाही, त्यातील गोडवा साठवायचा.

चिकूचेही तसेच आहे. अर्धवट पिकलेल्या चिकूत टॅनिन असल्याने जीभ तुरट होते आणि भाजल्यावरही हा तुरटपणा पूर्ण जात नाही. त्यामुळे केकसाठी कडक चिकूपेक्षा बोटाने दबणारा चिकू योग्य. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावरचे हे फळ मीरा-भाईंदरच्या बाजारात सहज मिळते.

हापूस केकमध्ये घालावा का?

घालता येतो, पण ते किफायतशीर नाही. हापूसची किंमत त्याच्या सुगंधासाठी मोजली जाते आणि हा सुगंध देणारी द्रव्ये उष्णतेने उडून जातात. १८० अंश सेल्सिअसवर ४० मिनिटे भाजल्यावर हापूस आणि साधा आंबा यांतील फरक बराच कमी होतो. म्हणून मिश्रणात रायवळ किंवा पायरी घालावा आणि हापूस असेलच तर थंड झालेल्या केकवर ताज्या फोडी ठेवाव्यात. रायवळ आंब्याला दोरे जास्त असतात. त्याचा रस गाळून घ्यावा आणि जाड बुडाच्या भांड्यात थोडा आटवावा. पातळ रस तसाच ओतला, तर केक मध्ये बसतो.

डागी आंबा घेताना दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. सालीवरचा खरचटल्याचा किंवा चिकाचा डाग वरवरचा असतो आणि आतला गर उत्तम असू शकतो. हापूसमधील ‘साका’ मात्र बाहेरून दिसत नाही. आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. तो कापून टाकावा, कारण त्याला चव नसते.

भाईंदरच्या गावांत भाजण्याची परंपरा होती का?

ओव्हन नव्हता, भाजणे होते. मीरा-भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे. या बेटावर १५३४ पासून मराठ्यांच्या १७३७-३९ च्या वसई मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. उत्तन, पाली, डोंगरी या किनारी गावांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या सणाच्या खाद्यपदार्थांत त्या काळाच्या खुणा आहेत. ईस्ट इंडियन समाजात रवा, नारळ, साखर आणि अंडी यांचे मिश्रण थाळीत ओतून भाजतात. जुन्या पद्धतीत थाळीच्या खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे असत.

कोकणातील धोंडसही असेच होते. मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ एकत्र शिजवून ते पातेल्यात खाली-वर विस्तव ठेवून भाजले जाई. ठाणे-पालघर पट्ट्यात घरोघरी होणारी पानगी त्याहून सोपी आहे. तांदळाच्या पिठात पिकलेले केळे, गूळ आणि चिमूटभर मीठ मळायचे, केळीच्या पानावर थापायचे, वर दुसरे पान ठेवून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे. अंडी, लोणी, बेकिंग पावडर काहीच लागत नाही. ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी उन्हाळ्यातील भाजण्याची सुरुवात पानगीपासून करायला हरकत नाही. उरलेल्या फळाचा वापर, स्थानिक पीठ आणि कमी इंधन या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

उन्हाळ्यात नेहमीचा केक का बिघडतो?

पहिले कारण लोणी. लोणी आणि साखर फेटताना त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात आणि केक हलका होतो. त्यासाठी लोणी मऊ, पण घट्ट असावे लागते. साधारण १८ ते २० अंश तापमान योग्य. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि मे महिन्यात भाईंदरच्या स्वयंपाकघरात दुपारी तेवढे तापमान असतेच. वितळलेल्या लोण्यात हवा राहत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तेलावरच्या पाककृती अधिक भरवशाच्या आणि स्वस्तही. लोणी वापरायचेच असेल, तर सकाळी लवकर किंवा फ्रीजमधून काढल्यावर लगेच काम उरकावे.

दुसरे कारण खाडी आणि समुद्रालगतची दमट हवा. मैदा आणि रवा ओलावा शोषतात, उघडी बेकिंग पावडर निकामी होते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहावी. जोरात फसफसली नाही, तर ती बदलावी.

तिसरे कारण आंबटपणाचा हिशेब. खाण्याच्या सोड्याला फुलण्यासाठी आम्ल लागते. दही, आंब्याचा रस, लिंबू यांतून ते मिळते. आम्ल कमी आणि सोडा जास्त झाला, तर साबणासारखी चव येते. जांभळाच्या बाबतीत आणखी एक गंमत होते. त्याच्या जांभळ्या रंगाचे द्रव्य अल्कधर्मी मिश्रणात निळसर-करडे पडते. सोडा घातलेल्या पिठात जांभळाचा गर मिसळला, तर केक राखाडी दिसतो. जांभळाचा गर साखर आणि लिंबाच्या रसासह शिजवून केकवर घालणे चांगले. पालघरमधील बहाडोली आणि बदलापूर येथील जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पावसाच्या तोंडावर बाजारात येणारे हे फळ नाजूक असल्याने एका दिवसात उतरते.

कमी खर्चात होणारी एक कृती कोणती?

तीन ते चार अति पिकलेली केळी कुस्करून सुमारे २५० ग्रॅम गर घ्यावा. त्यात १०० ग्रॅम किसलेला गूळ, अर्धी वाटी (१०० ग्रॅम) दही आणि ६० मिली तेल घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. १७० ग्रॅम बारीक रवा, ६० ग्रॅम गव्हाचे पीठ, पाव वाटी ओले खोबरे, वेलची आणि चिमूटभर मीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा फुगून मिश्रण घट्ट होते. तेव्हा तीन-चार टेबलस्पून दूध घालून सैल करावे. इडलीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवे. शेवटी दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा हलक्या हाताने मिसळून लगेच भाजायला ठेवावे. सोडा आधी घालून मिश्रण तसेच ठेवले, तर वायू निघून जातो.

सात इंची भांड्याला तेल लावून तळाशी बटर पेपरऐवजी केळीच्या पानाचा तुकडा ठेवता येतो. पान आधी विस्तवावर शेकले की फाटत नाही. १७५ अंशांवर ४० ते ४५ मिनिटे लागतात. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत किंवा पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड आणि घट्ट झाकण एवढे पुरते. दहा मिनिटे आधी तापवून मग मंद आचेवर ५० मिनिटे ते एक तास. कुकर वापरला तर शिटी आणि रबर काढणे अत्यावश्यक आहे. मात्र पाण्याविना वारंवार तापवल्याने कुकर खराब होऊ शकतो. त्यामुळे रोजच्या वापरातील कुकर यासाठी ठेवू नये. भांड्यांच्या बाजारात वजनावर मिळणारी ॲल्युमिनियमची थाळी किंवा डबा भाजण्यासाठी पुरेसा असतो. त्यात आंबट मिश्रण तासन्‌तास ठेवू नये, एवढेच.

खरेच पैसे वाचतात का?

फळ स्वस्त मिळाले म्हणजे केक स्वस्त झाला, असे होत नाही. दीड हजार वॉटचा ओव्हन ४० मिनिटे अखंड चालला, तर एक युनिट वीज लागते. प्रत्यक्षात तापमान गाठल्यावर तो मधूनमधून बंद होतो, त्यामुळे थोडी कमी. म्हणून एकदा ओव्हन तापवला की दोन भांडी एकाच वेळी भाजावीत किंवा शेजारच्या घरासोबत मिळून करावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी, तूप आणि कंडेन्स्ड मिल्कवरील जीएसटी १२ वरून पाच टक्क्यांवर, तर तयार केक-पेस्ट्रीवरील १८ वरून पाच टक्क्यांवर आला आहे. विकतचा केकही त्यामुळे काहीसा आवाक्यात आला. घरच्या केकचा फायदा टिकतो तो मुख्यतः वाया जाणारे फळ वापरल्याने आणि साखर व लोणी कमी लागल्याने.

हे वाया जाणे किरकोळ नाही. केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या (सिफेट) २०१५ च्या अभ्यासानुसार देशात फळांचे काढणीनंतरचे नुकसान ६.७ ते १५.८८ टक्के आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अन्ननासाडी अहवालात भारतीय घरांमधील नासाडी दरवर्षी दरडोई ५५ किलो धरली आहे. त्यात पदपथावरच्या विक्रेत्याचा हिशेब वेगळा असतो. त्याच्याकडे शीतगृह नाही. रात्री उरलेला वाटा हा त्याचा थेट तोटा असतो. दोन ग्राहक रोज ठरावीक वेळी नरम केळी नेतात हे कळले, तर तो ती बाजूला ठेवतो. ग्राहकाला स्वस्त माल मिळतो, त्याचा तोटा कमी होतो. शेवटच्या वाट्यावर पुन्हा घासाघीस केल्याने मात्र हे नाते टिकत नाही.

स्वस्त माल घेताना काय टाळावे?

पिकलेले आणि सडलेले यांतील रेषा पाळणे महत्त्वाचे. काळी साल चालते, बुरशी चालत नाही. बुरशीतून तयार होणारी काही विषद्रव्ये भाजल्यानेही पूर्ण नष्ट होत नाहीत आणि मऊ फळात ती दिसणाऱ्या डागाच्या पलीकडे पसरलेली असू शकतात. असे फळ कापून उरलेले वापरण्यापेक्षा टाकून द्यावे. आंबूस वास, पाझरणारे पाणी, फुटलेली साल, उघड्यावर कापून ठेवलेल्या फोडी टाळाव्यात.

कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार २०११ पासून बंदी आहे. त्याऐवजी १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे. बाहेरून एकसारखा पिवळा, पण आत कडक आणि बेचव आंबा, विशेषतः हंगाम सुरू होण्याआधी मिळणारा, संशयास्पद समजावा. फळ घरी आणल्यावर वाहत्या पाण्याखाली धुऊन मगच साल काढावी.

तयार केकही जपावा लागतो. फळाचा केक ओलसर असतो. दमट उकाड्यात तो दुसऱ्या दिवशी चिकट होऊ लागतो. पूर्ण थंड झाल्यावर बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकतो. गर जास्त असेल, तर एकदम केक न करता २५० ग्रॅमच्या पिशव्या भरून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पावसाळ्यात आंबा संपल्यावर त्या उपयोगी पडतात.

घरचा केक विकायचा असेल तर?

सुट्टीतील छंदातून सोसायटीत ऑर्डर मिळू लागतात. घरून अल्प प्रमाणात विक्री करणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी आवश्यक असते. ती ‘फॉस्कोस’ या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते आणि वेष्टनावर १४ अंकी क्रमांक छापावा लागतो. विक्रीसाठी फळ निवडताना नियम अधिक कडक ठेवावा लागतो. घरी खाण्यासाठी डाग कापून वापरता येणारे फळ दुसऱ्याला विकायच्या केकमध्ये घालू नये.