पगारपत्रक वाचताना – भाग ७ : दहा खाडे आणि चाळीस टक्के तूट

मागच्या भागात शिल्लक रजा कशा मोजतात ते पाहिलं. आता त्या संपल्यानंतरचं, म्हणजे पे-स्लिपवर ‘एलओपी’ उमटतं त्या बिनपगारी रजेचं.

समजा, चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचा पगार ३०,००० आहे : मूळ वेतन १८,०००, घरभाडे भत्ता ७,२०० आणि इतर भत्ते ४,८००. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापते, म्हणून १,८०० जातात. व्यवसाय कर २००, पतपेढीचा हप्ता ४,५००. हातात २३,५०० येतात. सप्टेंबरात आईचं ऑपरेशन निघालं आणि दहा दिवस बिनपगारी पडले. महिन्याचा तिसरा हिस्सा गेला, तेव्हा साडेपंधरा हजार तरी येतील, असा त्यांचा अंदाज. खात्यात पडले १४,०६०.

इथेच बहुतेकांना वाटतं की अकाउंट्सवाल्यांनी चूक केली. चूक नाही. एकूण पगार २०,००० झाला. त्यातलं मूळ वेतन १२,०००, त्यावर १२ टक्के पीएफ १,४४०. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून त्या महिन्यात तो शून्य. (पुरुषाचे याच पगारावर २०० कापले गेलेच असते.) पण पतपेढीचा हप्ता हजेरी बघत नाही, तो पूर्ण ४,५०० गेला. दिवस ३३ टक्के गेले आणि हातातला पगार ४० टक्क्यांनी घटला. हप्ते जितके जास्त, तितकी ही दरी रुंद. म्हणून लांबची रजा दिसत असेल, तर आधी पतपेढीकडे हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज द्या. पगार झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

खरी तपासायची गोष्ट आहे भागाकार. एका दिवसाचा पगार काढताना काही कंपन्या ३० ने भागतात, काही महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी, काही २६ ने. ३० ने भागलं तर दिवसाचे १,०००, २६ ने भागलं तर सुमारे १,१५४. २६ म्हणजे साप्ताहिक सुट्ट्या वगळलेले दिवस. मग खाडे मोजतानाही रविवार वगळायला हवेत. भागताना २६ आणि कापताना मधला रविवारही धरायचा, हा सरळ अन्याय आहे, आणि तो बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. गैरहजेरीच्या प्रमाणापेक्षा जास्त कपात करता येत नाही, हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मस्टरवरचे खाडे आणि स्लिपवरचे एलओपी दिवस शेजारी ठेवून पाहा, आणि भाजक कोणता ते एचआरला लेखी विचारा.

आयकर वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर कापला जातो. तुमचा टीडीएस जात असेल, तर घटलेल्या उत्पन्नाप्रमाणे उरलेल्या महिन्यांत तो कमी व्हायला हवा.

ईएसआयमध्ये असाल तर आणखी जपा. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. बिनपगारी दिवस वाढले की नेमकी ही अट हुकते, तीही घरात आजारपण सुरू असताना. पीएफच्या मासिक विवरणात हेच दिवस ‘एनसीपी’ म्हणून नोंदले जातात आणि पेन्शनसाठी मोजल्या जाणाऱ्या सेवेतून वगळले जातात.

कधी साहेब उशिरा सही करतात आणि बिनपगारी धरलेली रजा पुढच्या महिन्यात मंजूर होते. मग कापलेले पैसे एरिअर्स म्हणून येतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. त्या एरिअर्समधल्या मूळ वेतनावरचा पीएफही भरला जायला हवा. वरच्या उदाहरणात, १५,००० ची मर्यादा धरून, तो ताईंचा ३६० आणि कंपनीचा ३६० होतो. पासबुकात तो जमा दिसत नसेल, तर स्लिपची प्रत जोडून एचआरकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.