मुलाच्या खोकल्यात रक्त: प्रत्येक वेळी टीबीच असतो असे नाही

मूल खोकते, रुमालावर लाल डाग दिसतो आणि घरात पहिला शब्द येतो, "टीबी!" मग कुजबुज सुरू होते. मुलगी असेल तर उद्याच्या रिश्त्याच्या काळजीने गोष्ट घरातच दाबली जाते. आपण इथेच चुकतो. टीबीची तपासणी व्हायलाच हवी. ती आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पण छातीतला संसर्ग, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा आणि कधी कधी फुप्फुसातल्या सदोष रक्तवाहिन्या, यांमुळेही रक्त येते.

रक्त येते कुठून?

फुप्फुसाला दोन वाटांनी रक्त मिळते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून येणारे रक्त कमी दाबाचे असते. श्वासनलिकांना पोसणाऱ्या बारीक धमन्या मात्र थेट महाधमनीतून निघतात, त्यांत दाब जास्त असतो. जुना फुप्फुसाचा आजार किंवा जन्मजात हृदयदोष असेल तर या धमन्या फुगतात. फुटल्या तर रक्तस्राव मोठा होतो.

दुसरा दोष म्हणजे धमनी आणि शीर यांच्यामधले केसासारख्या वाहिन्यांचे जाळे नसणे. रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. ओठ, नखे निळसर दिसतात, खेळताना धाप लागते. हे जाळे गाळणीचेही काम करते. ते नसेल तर गुठळी किंवा जंतू मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. हा दोष बऱ्याचदा आनुवंशिक असतो. घरात कुणाचा घोळणा वारंवार फुटतो का, ओठांवर-जिभेवर लाल ठिपके आहेत का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते.

आपण काय करावे?

खोकल्यातले रक्त सहसा लालभडक, फेसाळ असते, उलटीतले काळपट. पण लहान मुले कफ गिळतात, म्हणून उलटीतले रक्तही फुप्फुसातले असू शकते. डागाचा फोटो काढून ठेवा. रक्त थोडे असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जास्त असेल, धाप लागत असेल किंवा मूल सुस्त झाले असेल तर लगेच 108 ला फोन करा. मुलाला बसवा किंवा कुशीवर झोपवा. खायला-प्यायला देऊ नका आणि ॲस्पिरिन तर मुळीच नको.

इलाज आहे

एक्स-रे, हृदयाची टू-डी इको आणि सीटी अँजिओग्राफीतून सदोष वाहिनी सापडते. अनेकदा छाती न उघडता, जांघेतून बारीक नळी घालून ती वाहिनी आतून बंद करता येते. पुन्हा रक्त येऊ शकते, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नयेत. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि रक्त दिसले असेल तर ते पथकापासून आणि आम्हा शिक्षकांपासून लपवू नका.