खेळाडू सोडून गेला की टीमला पिक मिळतं, एनएफएलमधला हा भरपाईचा हिशेब नेमका काय आहे?

२००० सालचा एप्रिल महिना. अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा ड्राफ्ट सुरू होता. एकामागून एक १९८ पोरांची नावं पुकारून झाली. त्यात सहा क्वार्टरबॅकही होते. पण मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टॉम ब्रेडीला कुणी विचारेना. शेवटी सहाव्या राउंडमध्ये, १९९ व्या नंबरवर न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला घेतलं. पुढं या गड्यानं सात सुपर बोल जिंकले, त्यातले सहा पेट्रियट्ससाठी.

फुटबॉल बघणाऱ्यांना हा किस्सा पाठ असतो. त्यातली एक बारकी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तो १९९ वा नंबर पेट्रियट्सच्या नेहमीच्या वाट्यातला नव्हताच. तो त्यांना भरपाई म्हणून मिळाला होता.

कशाची भरपाई? तर टीम सोडून गेलेल्या खेळाडूंची.

आधी ड्राफ्ट समजून घेऊ. एनएफएलमध्ये ३२ टीम आहेत. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंचा इथं आयपीएलसारखा लिलाव होत नाही, टीम पाळीपाळीनं त्यांना निवडतात. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिची पाळी पहिली, सुपर बोल जिंकणाऱ्या टीमची शेवटची. असे सात राउंड होतात आणि या एकेका पाळीला म्हणतात पिक.

पूर्वी करार संपला तरी खेळाडूला सहजासहजी दुसरीकडं जाता यायचं नाही. खेळाडू कोर्टात गेले, भांडले आणि १९९३ पासून त्यांना हवी ती टीम निवडायची मोकळीक मिळाली. यालाच फ्री एजन्सी म्हणतात. मग टीमचे मालक म्हणाले, आम्ही पोरं घडवायची आणि ती दुसऱ्यानं पळवायची, मग आमच्या हाती काय? त्यावर काढलेला तोडगा म्हणजे कॉम्पेन्सेटरी पिक. १९९४ च्या ड्राफ्टपासून ही पिक द्यायला सुरुवात झाली.

आता हिशेब कसा चालतो बघा.

लीग प्रत्येक टीमची दोन खाती मांडते. किती फ्री एजंट गेले आणि किती आले. आल्यापेक्षा गेलेले जास्त किंवा जास्त किमतीचे असतील, तरच भरपाई. गेलेल्या प्रत्येकाची किंमतही ठरते. त्यात सगळ्यात जास्त वजन नव्या टीमनं त्याला दिलेल्या पगाराला. शिवाय तो मैदानावर किती खेळला आणि सीझनअखेर त्याला कुठला सन्मान मिळाला, हेही बघतात. म्हणूनच यंदा मार्चमध्ये गेलेल्या खेळाडूचं पिक थेट पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टला मिळतं. तो खेळल्याशिवाय किंमत काढणार कशी?

किंमत भारी असेल तर तिसऱ्या राउंडच्या शेवटी पिक मिळतं, कमी असेल तर चौथ्या, पाचव्या असं करत सातव्यापर्यंत. पहिल्या दोन राउंडमध्ये भरपाई नाही, गेलेला माणूस कितीही मोठा असो. एका टीमला जास्तीत जास्त चार आणि सगळ्या लीगमध्ये मिळून ३२.

समजा एका टीमचे तीन खेळाडू गेले. एकाची किंमत तिसऱ्या राउंडची, दुसऱ्याची पाचव्या, तिसऱ्याची सहाव्या. त्या टीमनं बाहेरून एक खेळाडू आणला, त्याची किंमत पाचव्या राउंडची. मग पाचव्याला पाचवा कटला. उरली तिसऱ्या आणि सहाव्या राउंडची दोन पिक.

खरी मेख पुढं आहे. या खात्यात फक्त करार पूर्ण करून सुटलेलेच खेळाडू धरतात. जुन्या टीमनं करार संपण्याआधी काढून टाकलेला खेळाडू उचलला, तर तो कुठंच मोजला जात नाही.

२०२० मध्ये ब्रेडी करार संपवून टॅम्पा बेकडं गेला, दोन वर्षांचे ५ कोटी डॉलर घेऊन. पेट्रियट्सनी त्याच्या जागी कॅम न्यूटनला आणलं. न्यूटनला कॅरोलायना पँथर्सनी आधीच मोकळं केलं होतं. म्हणजे ब्रेडी गेल्याची नोंद झाली, न्यूटन आल्याची झालीच नाही. ब्रेडीच्या बदल्यात पेट्रियट्सना २०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या राउंडचं, ९६ वं पिक मिळालं. त्यावर घेतलेला रॉनी पर्किन्स त्यांच्यासाठी लीगचा एकही सामना खेळला नाही, ती गोष्ट वेगळी.

हा खेळ सगळ्यात आधी पक्का ओळखला तो बाल्टिमोर रेव्हन्सनी. ही टीम आली १९९६ मध्ये, तरी भरपाईची सर्वाधिक पिक तिच्याच नावावर आहेत, ५० च्या वर. ऑझी न्यूसम यांच्या काळात त्यांचा शिरस्ता ठरलेला. आपला चांगला खेळाडू महाग झाला की जाऊ द्यायचा, बाहेरून घ्यायचा तो दुसऱ्यांनी काढून टाकलेला. नियम केला होता माणसं गमावणाऱ्या टीमला सावरायला, पण त्याचा जास्त फायदा उठवला तो मुद्दाम माणसं सोडणाऱ्या हुशार टीमनी. २०१७ पासून तर ही पिक दुसऱ्या टीमला देऊन सौदाही करता येतो.

एवढं करून हाती काय लागतं? बऱ्याचदा काहीच नाही. पण डॅलसचा डॅक प्रेस्कॉट २०१६ मध्ये अशाच १३५ व्या पिकवर आला. ब्रॉक पर्डी तर २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा. शेवटच्या खेळाडूला तिकडं गमतीनं 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे बिनकामाचा. तोही भरपाईच्या पिकवरचाच. दोन वर्षांत तो सॅन फ्रान्सिस्कोकडून सुपर बोल खेळत होता.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये यात आणखी एक कलम आलं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक प्रशिक्षकांना मुख्य पदं मिळत नाहीत, ही जुनी तक्रार. म्हणून टीमनं घडवलेला असा माणूस दुसरीकडं मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर झाला, तर त्या टीमला दोन वर्षं तिसऱ्या राउंडचं एकेक जादा पिक. ही पिक ३२ च्या मर्यादेबाहेरची.

या सगळ्यात भरडला जातो तो मधल्या फळीतला, तिशी ओलांडलेला खेळाडू. मार्चमध्ये त्याचा करार संपतो. त्याला घेतलं तर आपलं एक पिक कटेल, या भीतीनं टीम थांबतात. पण एप्रिलअखेरच्या ड्राफ्टनंतरचा सोमवार उलटला की नवा खेळाडू हिशेबात धरत नाहीत. तो खेळाडू तोच, त्याचा खेळही तोच, फक्त तारीख बदललेली. मग त्याचा फोन वाजायला लागतो. पण तोपर्यंत टीमच्या तिजोरीतले बरेचसे पैसे दुसऱ्यांना देऊन झालेले असतात.