9999 खेळ आणि पडत्या विटा

नव्वदच्या दशकाचा शेवट आणि त्यानंतरची काही वर्षं. नाशिकला नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेला गेलेल्या मुलांची नजर पाळणे आणि भेळ यांच्यानंतर खेळण्यांच्या दुकानांकडे वळायची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या अशा दुकानांत त्या काळात हातात मावणारा एक प्लॅस्टिकचा डबा हमखास असे. वर काळपट हिरवा पडदा, खाली एक मोठं गोल बटण, शेजारी चार लहान. त्यावर आकडा छापलेला: ‘9999 इन 1’. मुलं त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, कंपनीचं नाव विचारायची कुणाला गरज वाटत नसे.

तो आकडा म्हणजे शुद्ध थाप होती. आत खेळ मोजकेच: विटा, रणगाडा, गाड्यांची शर्यत, साप, बेडूक. प्रत्येकाचा वेग आणि लेव्हल बदलली की तो वेगळा खेळ म्हणून मोजायचा, असा तो हिशेब. पण विटांचा खेळ लागला की बाकीच्यांची आठवणही कुणाला राहत नसे.

दोन पेन्सिल सेलवर तो दिवसेंदिवस चाले. भारनियमनात दुपारची लाइट गेली, टीव्ही बंद पडला, तरी याला फरक पडत नसे. पडद्यामागे दिवा मात्र नव्हता, त्यामुळे रात्री लाइट गेली की खेळही संपला. पांघरुणाखाली चोरून खेळायची सोय नव्हती, हे आईवडिलांच्या पथ्यावरच पडलं.

या विटांचं मूळ मॉस्कोत आहे. 1984 साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी ‘टेट्रिस’ लिहिला. त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका 60’ या संगणकाला चित्रं काढताच येत नव्हती, म्हणून विटांऐवजी पडद्यावर चौकटी कंस पडत. चार चौकोन एकमेकांना चिकटवले तर सात आकार तयार होतात. हे सात आकार दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच अशा चौकटीत पडतात, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. 1989 मध्ये निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’बरोबर तो जगभर पोचला आणि त्या यंत्रावर त्याच्या साडेतीन कोटी प्रती खपल्या. पाजित्नोव यांना मात्र त्यातून नियमित पैसे मिळायला 1996 साल उजाडावं लागलं, कारण सुरुवातीला हक्क सोव्हिएत सरकारकडे गेले होते. नाशिकच्या मुलाच्या हातातल्या बिननावाच्या डब्यातून तर त्यांना छदामही मिळाला नसणार.

आता गंमत अशी, की पडत्या तुकड्यांच्या खेळांची दोन घराणी आहेत आणि यात्रेतल्या डब्याने आपल्याला त्यातलं एकच दाखवलं. दुसरं घराणं रंग जुळवणाऱ्यांचं. त्यातला नमुनेदार खेळ म्हणजे ‘कॉलम्स’. ह्युलेट-पॅकार्डमधल्या जे गीर्टसेन या अभियंत्याने तो 1989 च्या सुमारास लिहिला आणि 1990 मध्ये सेगा कंपनीने तो बाजारात आणला. त्यात एकावर एक रचलेली तीन रत्नं खाली येतात. ती फिरवता येत नाहीत, फक्त त्यांचा वरखाली क्रम बदलता येतो. एकाच रंगाची तीन रत्नं आडवी, उभी किंवा तिरकी जुळली की जातात, वरची खाली कोसळतात, आणि कोसळताना पुन्हा तीन जुळली तर साखळीच सुरू होते.

हा फरक वरवरचा नाही. टेट्रिसमध्ये एक वीट चुकीची बसली की तिच्याखाली भोक राहतं आणि ते पुढची दहा मिनिटं छळतं. कॉलम्समध्ये भोक राहूच शकत नाही, कारण प्रत्येक रत्न तळापर्यंत घसरतं. तिथे जागा वाया जात नाही, क्रम वाया जातो. टेट्रिस खेळणारा पुढचा तुकडा बघतो. कॉलम्स खेळणारा आधी काय कोसळेल आणि मग काय जुळेल, याचा हिशेब करतो. खरं तर दुसरा खेळ जास्त डोकेबाज आहे.

मग तो आपल्याकडे घरोघरी का पोचला नाही? यात्रेतल्या डब्याच्या पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटायचे. ज्या खेळाचा जीव रंगात, तो तिथे चालणार कसा? रंगीत कॉलम्ससाठी टीव्हीला जोडायचं सेगाचं यंत्र हवं. 1995 मध्ये शॉ वॉलेस कंपनीने ते भारतात आणलं, तेव्हा किंमत होती 18,000 रुपये. मध्यमवर्गीय घरात त्या रकमेची चर्चासुद्धा झाली नसेल. रंग जुळवण्याची हौस आपल्याकडे पोचली ती बरीच नंतर, मोबाइलवर, 2012 च्या ‘कँडी क्रश’मधून. त्यात तुकडे वरून पडतात, तीन जुळतात, साखळी लागते. फक्त घाई काढून टाकली आहे.

घाईच तर या खेळांची खरी ओढ. टेट्रिस जिंकता येत नाही. गणितज्ञ हायडी बर्गिएल यांनी 1997 मध्ये दाखवलं, की दोन नागमोडी तुकडे आलटूनपालटून येत राहिले, तर खेळणारा कितीही हुशार असो, 70,000 तुकड्यांच्या आत तो आउट होणारच. मेंदूही या खेळाला सहजासहजी सोडत नाही. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, टेट्रिस खेळलेल्यांना झोप लागताना पडते तुकडे दिसत होते. त्यांत स्मृतिभ्रंशाचे काही रुग्णही होते. आपण हा खेळ खेळलो, हेच त्यांना आठवत नव्हतं!

माणूस कायम हरतो, हे मात्र अखेर उलटलं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या 13 वर्षांच्या एका मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या यंत्रावर 157 वी लेव्हल गाठली आणि खेळच गोठला. त्या यंत्रावर तिथपर्यंत पोचलेला तो पहिला माणूस.