झून की आयपॉड? जेवणाच्या टेबलावरची ट्रायल

 

आज बोलायचंय ते खिशात मावणाऱ्या गाण्यांच्या यंत्रांबद्दल. आता गाणी फोनमध्येच असतात, त्यामुळे तरुण मंडळींना हा विषय माळ्यावरचा वाटेल. पण बाजारात नवी वस्तू आलीय, तिच्यासमोर जम बसलेली जुनी वस्तू उभी आहे, पैसे आपल्या हातात आहेत पण आपले नाहीत, अशा वेळी निवड कशी करायची हा प्रश्न काही माळ्यावर गेलेला नाही. मला तो एकदा सोडवावा लागला. निम्मा जमला, निम्मा चुकला.

गोष्ट डिसेंबर २००६ची. मी तेव्हा लडाखमध्ये एका सिग्नल रेजिमेंटचा कमांडिंग ऑफिसर होतो आणि सुट्टीवर पुण्याला आलो होतो. आमच्या काही तुकड्या उंचावरच्या पोस्टवर असत. कुठल्या ते सांगत नाही. हिवाळ्यात वाट बंद झाली की पुढचे काही महिने तीच सहा-सात माणसं, तीच बुखारी आणि तोच पत्त्यांचा जोड. एकाच पोस्टवर गढवाली, तमिळ, तेलुगू, ओडिया आणि आपला एखादा सातारकर. रेडिओवर सगळ्यांचं समाधान कसं होणार? जुने कॅसेट प्लेअर होते, पण थंडीत त्यांचे पट्टे आखडायचे आणि लताबाई पुरुषी आवाजात गायला लागायच्या. रेजिमेंटल फंडात थोडी रक्कम शिल्लक होती. सुभेदार मेजर साहेबांनी सुचवलं होतं की पुढच्या हिवाळ्याआधी पोस्टवर गाणी ऐकायचं काही बरं साधन पोचवावं.

त्याच आठवड्यात अमेरिकेतून भाचा आला. आल्या आल्या म्हणाला, "मामा, आयपॉड विसरा आता." आणि बॅगेतून एक तपकिरी ठोकळा काढून टेबलावर ठेवला. माझी बहीण म्हणाली, "अगंबाई, चिक्की आणलीस होय!" तो होता मायक्रोसॉफ्टचा झून. १४ नोव्हेंबर २००६ला अमेरिकेत विक्रीला आलेला, ३० जीबीचा, २४९ डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण ११ हजार रुपयांचा. काळा आणि पांढराही मिळत होता. यानं तपकिरीच का घेतला हे त्यालाच ठाऊक.

समोर होता माझ्या मुलीचा आयपॉड, तोही ३० जीबीचा, आदल्या वर्षी याच भाच्यानं आणलेला. झूनच्या वेळी अमेरिकेत त्याचीही किंमत २४९ डॉलरच होती. म्हणजे किमतीचा प्रश्न निकालात निघाला. पण वयाचा निघाला नाही. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१मध्ये आला तेव्हा तो ५ जीबीचा होता, ३९९ डॉलरचा होता आणि फक्त अ‍ॅपलच्याच संगणकाला जोडता यायचा. त्याची गाण्यांची दुकानदारी, ९९ सेंटला एक गाणं, ही एप्रिल २००३मध्ये सुरू झाली. झून आला तेव्हा त्याच्यासमोर पाच वर्षं खंदक खणून बसलेला गडी होता.

सैन्यात नवी वस्तू घेताना आधी कागदावर लिहावं लागतं की आपल्याला काय हवंय. मग ट्रायल. उन्हाळ्यात वाळवंटात, हिवाळ्यात उंचावर, आणि वापरणार तो जवान हाताळणार, कंपनीचा माणूस नाही. हा क्रम उलटा केला की वस्तू जे देते तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं. हे मी कित्येक तरुण अधिकाऱ्यांना शिकवलं होतं. आणि घरी मात्र वस्तू समोर आली तशी सरळ हातात घेतली.

पहिला नंबर पडद्याचा. झूनचा ३ इंचांचा, आयपॉडचा अडीच इंचांचा. भाचा खूष. पण ठिपके दोन्हीकडे सारखेच, आडवे ३२० आणि उभे २४०. तेवढंच चित्र मोठ्या कापडावर ताणलेलं. लांबून पाहायला झून बरा, जवळून आयपॉड रेखीव. वजन झूनचं १५८ ग्रॅम, आयपॉडचं १३६. बावीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं खुर्चीत बसून वाटतं.

आयपॉडचं चाक प्रसिद्धच होतं. बोट गोल फिरवायचं आणि हजार गाण्यांमधून सरसर खाली जायचं. झूनवरही तसंच गोल दिसतं. माझे मेव्हणे पाच मिनिटं ते फिरवत बसले आणि म्हणाले, "बिघडलंय वाटतं." ते फिरणारं नव्हतंच. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबायचं बटण होतं ते. पण मला एक गोष्ट सुचली. मी कपाटातून लोकरी हातमोजे काढले. आयपॉडचं चाक बोटाच्या स्पर्शातली वीज ओळखतं, त्यामुळे मोज्याच्या बोटाला त्यानं दादच दिली नाही. झूनचं बटण दाबलं गेलं. इथे झूनला पूर्ण गुण.

झूनमध्ये एफएम रेडिओ आतच होता. आयपॉडला त्यासाठी वेगळा जोड विकत घ्यावा लागे. पुण्यात ही मोठी जमेची बाजू. पण एफएमच्या लहरी ढोबळमानानं नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. आमच्याकडे डोंगरांशिवाय दुसरं काय होतं? तिथे आकाशवाणी लेह ऐकायची ती मीडियम वेव्हवर.

आता भाच्याचा हुकमी एक्का. वाय-फायनं एका झूनमधलं गाणं दुसऱ्या झूनमध्ये पाठवता येतं. हे आयपॉडला जमत नव्हतं आणि कल्पना खरोखर चांगली होती. पोस्टवरच्या माणसांनी आपापली गाणी एकमेकांना द्यावीत, याहून बरं काय? अडचण पहिली, पाठवायला समोर दुसरा झूनच लागतो, आणि अख्ख्या पुण्यात तो कुठे शोधायचा? त्यामुळे याची ट्रायल झालीच नाही. अडचण दुसरी मोठी होती. आलेलं गाणं तीन वेळा वाजायचं किंवा तीन दिवस टिकायचं, जे आधी होईल ते, मग बंद. गाण्यांच्या कंपन्यांना चोरीची भीती होती, म्हणून हे कुलूप. एक वेळ तेही समजून घेऊ. पण कुलूप सरसकट होतं. विकत घेतलेलं गाणं असो की घरी रेकॉर्ड केलेला आवाज, पाठवला की त्यालाही तेच. आमच्या एका हवालदाराकडे मुलीच्या बोबड्या बोलांची टेप होती. पोस्टवर सगळ्यांनी ती ऐकलेली. तीन दिवसांनी त्या पोरीचा आवाज बंद करणारं यंत्र मी कुठल्या तोंडानं वर पाठवणार? पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं तीन दिवसांची अट काढली. तीन वेळांची ठेवली.

आणखी एक गोष्ट भाच्याला स्वतःलाच खटकली होती. मायक्रोसॉफ्टनंच २००४पासून 'प्लेज फॉर शुअर' नावाचा शिक्का इतर कंपन्यांच्या प्लेअरवर मारला होता. हा शिक्का असला की शिक्क्याच्या दुकानातली गाणी वाजणारच, असं आश्वासन. त्या दुकानातली गाणी झूनवर वाजत नव्हती. कंपनीनं आपल्याच जुन्या मित्रांना वाऱ्यावर सोडलं होतं. अशा पुरवठादाराकडे मी पाच वर्षांनी सुटे भाग मागायला जाईन तेव्हा तो काय म्हणेल, हा प्रश्न माझ्या मनात लगेच आला.

एकूण निकाल आयपॉडच्या बाजूनं लागला. तो जमलेला होता, त्याची आवरणं, चार्जर, स्पीकर असा सगळा लवाजमा बाजारात होता. मी दहा आयपॉडचा भाव मागवला. रक्कम लाखाच्या वर जात होती. लडाखला फोन लावून सुभेदार मेजर साहेबांना मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "साब, ये ऊपर चलेगा?"

मी फोन ठेवला आणि आयपॉडसोबत आलेले कागद काढले. चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरात लिहिलं होतं: चालवण्याची कमाल उंची १० हजार फूट. तापमान शून्य ते ३५ अंश. लेह शहरच साडेअकरा हजार फुटांवर आहे.

कारण साधं आहे, आणि सिग्नलच्या माणसाला ते आधीच सुचायला हवं होतं. दोन्ही यंत्रांच्या पोटात एकाच जातीची १.८ इंची हार्ड डिस्क होती. तिच्यात एक चकती गरगर फिरते आणि गाणं वाचणारं टोक तिच्यावर हवेच्या थरावर तरंगतं. हे अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश, १८ हजार फुटांवर निम्मा. हवा विरळ झाली की टोकाखालची उशी बसते आणि ते चकतीला घासतं. गंमत अशी की गाणं वाजताना चकती सतत फिरत नसते. पुढची गाणी वाचून मेमरीत साठवते आणि थांबते. म्हणून यंत्र उंचावर चार दिवस बरं चालेल आणि पाचव्या दिवशी घात करेल. आणि बंद ठेवून नुसतं वर नेलं तर काहीच होत नाही, कारण तेव्हा टोक बाजूला उभं असतं.

मी तोफखान्यातल्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, माझाच प्लेअर असा गेला. रात्री टकटक आवाज करायला लागला, सकाळी मुका." त्याचा प्लेअर तिसऱ्याच कंपनीचा होता, नाव घेत नाही, कारण मर्यादा ओलांडली होती ती त्यानं, कंपनीनं नाही.

म्हणजे तीन दिवस मी दोन घोड्यांची शर्यत लावून बसलो होतो आणि दोघांनाही तो डोंगर चढता येणार नव्हता. त्या रात्री मी शेवटी तो कागद लिहिला, जो पहिल्या दिवशी लिहायचा होता. फिरणारा भाग नको. मोजे घालून चालला पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या सुट्या सेलवर चालला पाहिजे, कारण आतली लिथियम बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज केली तर कायमची खराब होते आणि जनरेटर तर मोजकेच तास चालतो. गाणी भरायला खास सॉफ्टवेअर नको. संगणकाला जोडलं की पेन ड्राइव्हसारखं उघडलं पाहिजे. या कागदावर झून बाद, आयपॉड बाद. आयपॉड नॅनोमध्ये डिस्क नव्हती, पण बॅटरी आतली आणि चाक स्पर्शाचं. पास झाले ते दुकानाच्या काचेत मागच्या रांगेत पडलेले, एका बारीक सेलवर चालणारे, बोटाएवढे फ्लॅश मेमरीचे प्लेअर. एका आयपॉडच्या पैशात चार.

भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याचंही चूक नव्हतं. कॅलिफोर्नियात, समुद्राकाठी, मित्रांकडेही झून असते तर त्याची निवड वाईट नव्हती. पण अमेरिकेतही तसं झालं नाही. एप्रिल २००७मध्ये अ‍ॅपलनं दहा कोटी आयपॉड विकल्याचं जाहीर केलं. आणि ३१ डिसेंबर २००८च्या सकाळी ३० जीबीचे झून एकाच वेळी गोठले. ते लीप वर्ष होतं. आतल्या घड्याळाची आज्ञावली दिवस मोजून वर्ष काढायची: दिवस ३६५पेक्षा जास्त असतील तर वर्ष वजा कर, लीप वर्ष असेल तर ३६६पेक्षा जास्त आहेत का ते बघ. नेमका ३६६वा दिवस आला तेव्हा तो ३६५पेक्षा जास्त होता, पण ३६६पेक्षा जास्त नव्हता. वजा काही होईना आणि बाहेर पडताही येईना. बिचारं यंत्र तिथेच गोल गोल फिरत राहिलं. उपाय काय, तर बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि एक जानेवारी उजाडायची वाट बघा. हा दोष कुठल्याही ट्रायलमध्ये सापडला नसता. त्यासाठी तो दिवसच यावा लागतो. पहिल्या खेपेचा माल घेऊ नये असं आमचे जुने क्वार्टरमास्टर म्हणायचे, ते यासाठीच. ऑक्टोबर २०११मध्ये झूनचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर झालं. आयपॉड मे २०२२पर्यंत टिकला. त्याला संपवलं ते त्याच्याच घरातल्या फोननं.

आमचे बोटभर प्लेअर २००७च्या उन्हाळ्यात रसदीबरोबर वर गेले. पडद्यावर तमिळ, तेलुगू, ओडिया, सगळ्या नावांच्या जागी चौकोन दिसायचे, म्हणून सुभेदार मेजर साहेबांनी एक वही केली: क्रमांक, गाणं, कुणाचं. सेल रात्री आतल्या बनियनच्या खिशात ठेवायचा, म्हणजे सकाळी जीव धरतो, हेही त्यांनीच शिकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात वाट उघडल्यावर मी एका पोस्टवर गेलो. प्लेअर खुंटीला टांगलेला, हेडफोनची वायर कापलेली. तिथल्या ऑपरेटरनं ती जुन्या कॅसेट प्लेअरच्या स्पीकरला जोडली होती. मी माणशी एक जोड याप्रमाणे हेडफोन मोजून पाठवले होते. ते न उघडलेल्या पाकिटात तसेच कोपऱ्यात पडले होते. मी विचारलं तर हवालदार जरा संकोचला, म्हणाला, "साब, कानात घातलं की बाजूचा माणूस एकटा पडतो." त्या वर्षीच्या मागणीच्या यादीत त्या पोस्टनं प्लेअर मागितला नव्हता. स्पीकर मागितला होता, एक.