जाळ्याची निवड : वऱ्हाडातील गावतलाव आणि धरणांचे जलाशय

वऱ्हाड हा काळ्या मातीचा, कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा मुलूख आहे. मासेमारी म्हटली की येथील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे कोकणचा किनाराच उभा राहतो. तथापि पूर्णेच्या उपनद्यांवर आणि वर्धा नदीवर बांधलेल्या धरणांमुळे अमरावती व अकोला या जिल्ह्यांत विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले आहेत. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथील अप्पर वर्धा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर, अकोला जिल्ह्यात महान येथील काटेपूर्णा आणि तेल्हारा भागातील वाण हे त्यांपैकी काही होत. यांखेरीज गावोगावचे लहान तलाव आहेत. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून खोदले गेलेले पाझर तलावही आहेत. भोई समाजातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ या पाण्यावर चालतो.

पाणी आहे, मत्स्यबीज सोडले जाते, बाजारात मागणीही असते. तरीही अनेक ठिकाणी वर्षाच्या अखेरीस हाती फारसे उरत नाही. याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक कारण पूर्णपणे मासेमाराच्याच हाती आहे, आणि ते म्हणजे जाळ्याची निवड.

पाणी पाहून जाळे घ्यावे

पाझर तलाव आणि धरणाचा जलाशय ही दोन निराळ्या स्वभावांची पाणी आहेत. पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरावे याकरिताच तो बांधलेला असतो. उन्हाळा लागताच त्याची पातळी झपाट्याने उतरते. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांस पावसाळ्यातील वाहत्या पुराचे पाणी लागते. यास्तव अशा तलावात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते आणि तलाव आटण्यापूर्वी सर्व मासळी काढून घ्यावी लागते. तेथे मागे ठेवलेला मासा पुढील वर्षी मोठा होऊन मिळत नाही. तो चिखलात मरतो. म्हणून गावतलावास ओढजाळे उत्तम. तळ सपाट असावा आणि काटेरी झुडपे आधीच काढलेली असावीत. पाच-सहा माणसांनी जाळे दोन्ही काठांवरून सावकाश ओढीत आणावे. मधून मधून थोडी मासळी काढावयाची असल्यास फेकजाळे पुरेसे होते.

प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात मात्र शिशाच्या जड गोळ्या लावलेले जाळे किंवा गळ वापरू नये. अस्तर एकदा फाटले की मासळीपेक्षा पाण्याचे नुकसान अधिक होते.

धरणाच्या जलाशयाची गोष्ट याउलट आहे. तेथे पाणी खोल असते. तळाशी बुडालेल्या झाडांचे खुंट, जुन्या विहिरींचे कठडे आणि काळा खडक असतो, त्यांत ओढजाळे अडकून फाटते. तेथे भिंतीसारखे उभे राहणारे, मासा कल्ल्यांपाशी अडकविणारे गिलजाळेच उपयोगी पडते. वरच्या दोरीस तरंगे आणि खालच्या दोरीस वजने बांधलेली असतात. जाळे दोरीवर ताणून बांधू नये. ताणलेल्या जाळ्याचे आस उघडत नाहीत व मासा त्यांवर आपटून परत फिरतो. ताणून १०० मीटर भरणारे जाळे सुमारे ५० मीटर दोरीवर सैल बांधावे. ते सायंकाळी लावून पहाटे काढावे. पाणी निवळ असताना आणि चांदण्या रात्री माशास जाळे दिसते, म्हणून अशा वेळी पकड कमी मिळते.

माशाची राहणी ओळखावी

कटला पृष्ठभागाजवळ राहतो. त्याचे तोंड वर वळलेले असून तो पाण्यातील सूक्ष्म प्राणी खातो. रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी गिलजाळे वरच्या थरात तरंगते ठेवावे आणि मृगळासाठी वजने वाढवून तळाजवळ उतरवावे. एकच जाळे एकाच खोलीवर वर्षभर लावणारा मासेमार दोन जातींचे मासे गमावीत असतो.

परदेशांत, विशेषतः उत्तर अमेरिकेतील थंड पाण्याच्या प्रचंड सरोवरांत, चालत्या नावेमागे चकाकणारे आमिष ओढीत नेण्याची रीत आहे. तिला ट्रोलिंग म्हणतात. तेथील सॅमन व ट्राऊट हे मासे शिकारी असल्याने ते आमिषामागे धावतात. वऱ्हाडातील जलाशयांत प्रामुख्याने वाढणारे कटला, रोहू व मृगळ हे मासे असा पाठलाग करीत नाहीत. शिवाय बुडालेल्या खुंटांत दोर व गळ दोन्ही गमावण्याची भीती असते. सबब अशा महागड्या साधनांवर पैसा घालण्यात हशील नाही. मरळ व शिंघाडा हे आपल्याकडील शिकारी मासे होत. त्यांस काठाच्या गवताजवळ किंवा तळाशी जिवंत आमिषाचा साधा गळ पुरतो. मात्र मरळीची जोडी पावसाळ्यात आपल्या पिलांची राखण करीत असते. त्या वेळी तिला गळास लावल्यास सबंध पिलावळ नष्ट होते, हे ध्यानात ठेवावे.

आस कसा ठरवावा

जाळ्याच्या एका डोळ्यास आस म्हणतात. तो ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजावे. दुकानात जे मिळेल ते घ्यावयाचे, ही पद्धत सोडली पाहिजे. विक्रीस योग्य असा लहानात लहान मासा कोणता, हे प्रथम ठरवावे. त्या माशाच्या सर्वांत जाड भागाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजावा. त्या घेराला पाचाने भागून दोनाने गुणावे. जे उत्तर येईल तो आस साधारणपणे योग्य होय. उदाहरणार्थ, घेर ३० सेंटिमीटर भरल्यास आस १२ सेंटिमीटरचा घ्यावा. त्याहून बारीक मासे त्यातून निसटून जातात. कटला अंगाने रुंद असल्याने एकाच आसात तो रोहूपेक्षा कमी वजनाचा असतानाच अडकतो. म्हणून ज्या जलाशयात कटला अधिक, तेथे कटल्याच्याच घेरावरून आस ठरवावा.

लहान आसाचे जाळे लावल्यास २०० ग्रॅमचे पाच मासे मिळून एक किलो भरते. तेच पाच मासे पाण्यात राहिले, त्यांतील दोन मेले आणि उरलेले तीन एकेक किलोचे झाले, तरी तीन किलो मासळी मिळते. पुष्कळदा मोठ्या माशास किलोमागे दरही चांगला येतो. शिवाय जलाशयात वाढलेले मोठे मासे पावसाळ्यात नदीच्या मुखाकडे अंडी घालण्यास चढतात. त्या काळात तेथे जाळी लावून वाट अडविणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे होय.

निर्णय एकट्याचा नव्हे

येथे खरी अडचण उभी राहते. ठेक्याची रक्कम भरलेली असते, जाळ्याचे कर्ज असते, घरी आजच पैसा हवा असतो. एका सभासदाने मोठ्या आसाचे जाळे लावले आणि शेजाऱ्याने बारीक आसाचे, तर पहिल्याने सोडलेला मासा दुसऱ्याच्या टोपलीत जातो. मग पहिलाही पुढल्या हंगामात बारीक जाळे आणतो. यात कोणा एकाचा दुष्टपणा नसतो. परंतु दोन-तीन हंगामांत सर्वांचीच टोपली हलकी होते. म्हणून आसाचा निर्णय मच्छीमार सहकारी संस्थेने सभेत घेतला पाहिजे, त्याची नोंद केली पाहिजे आणि सर्वांसाठी एकाच मापाची जाळी एकत्र खरेदी केली पाहिजेत. ज्या कुटुंबास त्या हंगामात खरोखर नड असेल, त्यास संस्थेने हात द्यावा. त्याखेरीज ठराव कागदावरच राहतो. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण संस्थेस तंतोतंत लागू पडते.

सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानुसार गुन्हा आहे. काटेपूर्णेचे पाणी अकोला शहर आणि अप्पर वर्ध्याचे पाणी अमरावती शहर पिते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा कृत्याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

जाळ्याची निगा

पूर्वी सुती जाळी सालींच्या काढ्यात बुडवून टिकवावी लागत. नायलॉन कुजत नाही, परंतु उन्हाने त्याचा जोर कमी होतो. म्हणून जाळे धुऊन सावलीत वाळवावे व उंदरांपासून जपावे. एकपदरी पारदर्शक जाळी स्वस्त असतात व पकडही चांगली देतात. मात्र ती फाटली की दुरुस्त करणे कठीण जाते. फाटके जाळे पाण्यात टाकून देऊ नये. ते न कुजता तसेच राहते आणि त्यात अडकलेला मासा कोणाच्याही उपयोगी न पडता मरतो. ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून खोल पाण्यात जाणाऱ्याने तरंगते जाकीट घालण्यास कधीही चुकू नये.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या भागातील संस्थेच्या सभेत एक दोरा, एक मोजपट्टी आणि बाजारातून आणलेले दोन मासे घेऊन जावे, आणि सभासदांकडूनच घेर मोजवून आस काढवून घ्यावा. स्वतःच्या हाताने काढलेले माप माणूस सहसा मोडीत नाही.